डब्याला आधी भोक, मग माती

आमचं अंगण कातळावर आहे. हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला आमची वाडी. समोर सुवर्णदुर्ग दिसतो, पायाखाली वीतभर लाल माती आणि त्याखाली सरळ जांभा. कुदळ मारली की ठण्ण आवाज येतो आणि कोपरापर्यंत हात झिणझिणतो. सासूबाईंनी इतक्या वर्षांत या अंगणात तुळस, कढीलिंब आणि मोरीच्या कडेला अळू एवढंच जगवलं. बाकी भाजी दापोलीच्या बाजारातून यायची.

२०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदी आधीपासून होतीच. पडवीचे पत्रे उडाले, दोन माड पडले, पाण्याची प्लास्टिकची टाकी गच्चीवरून अंगणात येऊन चिरली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, धड बाजार नव्हता. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताटात डाळ, भात आणि सुकट. तेव्हा मी ती चिरलेली टाकी करवतीने आडवी कापली, खालच्या अर्ध्या भागात माती भरली आणि घरात होतं ते बी पेरलं. मिरची, वांगी, लाल माठ.

जुलै सरायच्या आत सगळं मेलं. पानं आधी पिवळी पडली, मग रोपांनी माना टाकल्या. मला वाटलं कीड लागली. सासूबाईंनी वांग्याचं एक रोप उपटलं, मुळाशी चिकटलेली माती चिमटीत धरून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "गो, ही कुजली. टाकीला भोकं किती पाडलंस?" मी एकच पाडलं होतं, तेही तळाला मधोमध. टाकी सपाट कातळावर टेकलेली, त्यामुळे त्या भोकातून थेंबभरही पाणी जात नव्हतं. मातीला गटाराचा वास येत होता.

कुंडीतल्या भाजीबद्दल जे काही वाचायला-ऐकायला मिळतं, ते बहुतेक देशावरच्या माणसांनी सांगितलेलं असतं. त्यांना कुंडीत पाणी टिकवायची काळजी. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे डबा घेतला की आधी त्यातलं पाणी बाहेर कुठून आणि कसं जाणार ते बघायचं. बी कुठलं, खत कुठलं, हे सगळं त्यानंतर.

डबे कुठले घ्यायचे

मी शिवणकाम करते. घरातली वस्तू टाकून द्यायला माझा हात सहसा धजत नाही, त्यामुळे डबे गोळा करायला वेगळं काही करावं लागलं नाही.

सगळ्यात उपयोगी रंगाची २० लिटरची बादली. घर रंगवून झालं की रंगाऱ्याकडे मागायची. आतला सुकलेला रंग पापुद्र्यासारखा सोलून निघतो; तो पूर्ण काढायचा, घासून धुवायची आणि दोन दिवस उन्हात ठेवायची. प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ असेल तर निर्धास्त घ्या, ३ असेल तर भाजीसाठी नको. कीटकनाशकाचा, ॲसिडचा, इंजिन ऑइलचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. इथे होड्यांच्या इंजिनांमुळे ऑइलचे कॅन पैशाला पासरी मिळतात, मोह होतो, पण ते राहू द्या.

तेलाचा पत्र्याचा १५ किलोचा डबा मिरचीला छान बसतो. पण आपल्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा दोन पावसाळेही धड काढत नाही. बाहेरून रंगाचा हात मारला तर तिसरा पावसाळा बघतो. कापलेली कड आत दुमडून हातोडीने ठोकून घ्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि मुळं अक्षरशः शिजतात, म्हणून फेब्रुवारीपासून त्याला गोणपाट गुंडाळायचं.

पालेभाजीला मात्र माशाच्या थर्माकोलच्या पेटीला तोड नाही. बंदरावर बर्फातला मासा भरायला या पेट्या येतात, कोपरा तुटला की किनाऱ्यावर फेकून देतात आणि पुढच्या उधाणाला समुद्रात जातात. दीड-दोन फूट लांब, फूटभर खोल. थर्माकोल तापत नाही, त्यामुळे मेमध्येसुद्धा मुळं थंड राहतात. आणल्यावर तीन-चार वेळा गोड्या पाण्याने धुवायची, कारण तिच्यात वासाबरोबर मीठही मुरलेलं असतं. उन्हात थर्माकोल ठिसूळ होऊन त्याचे दाणे गळायला लागतात आणि वाऱ्यावर सगळीकडे पसरतात. म्हणून मी जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवून प्रत्येक पेटीला घालते. ऑइल पेंट लावू नका, त्याने थर्माकोल विरघळतं. चुना लावला तर चालतो.

हापूसच्या लाकडी पेट्या दिसायला फार सुंदर, पण एका पावसाळ्यात त्यांचं लाकूड मऊ पडतं. हिवाळ्यातल्या एका पिकासाठी, आत गोणपाट घालून, वापरा. पेटीतला पेंढा तेवढा टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

दुधाच्या आणि तेलाच्या रिकाम्या पिशव्या रोपांसाठी. वरची कड सरळ कापायची, म्हणजे तिचा त्रिकोणी तुकडा वेगळा उडत नाही. खाली दोन कोपरे कातरायचे, उलटी करून साबणाने धुवायची. माझ्या पडवीच्या कठड्यावर मे महिन्यात अशा चाळीसेक पिशव्या उभ्या असतात.

खोली किती हवी याचा हिशेब असा: माठ, मेथी, कोथिंबीर, चवळीचा पाला यांना सहा इंच पुरतात. मुळ्याला फूटभर. मिरचीला आठ-दहा लिटरचा डबा, भेंडीला दहा-बारा लिटरमध्ये एक झाड, फार तर दोन. वांगं आणि टोमॅटो १५ ते २० लिटरच्या खाली लावू नका. शिराळी (म्हणजे दोडकी), पडवळ, कारली यांना २० लिटरच्या बादलीत एकच वेल. एकाच बादलीत तीन वेल लावले तर पाला तिघांचा मिळून भरपूर होतो, फळ मात्र एकही धड भरत नाही.

भोकं

२० लिटरच्या बादलीला तळाला आठ भोकं, करंगळी जाईल एवढी. त्याशिवाय बाजूला, तळापासून इंचभर वर, चार दिशांना चार. बाजूची भोकं फार महत्त्वाची. तळ कधी ना कधी मुळांनी नाहीतर चिखलाने बुजतो, तेव्हा पाणी बाजूने निघतं. ड्रिल मशीन असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुना स्क्रू-ड्रायव्हर चुलीत तापवून पाडा, पण अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. जळत्या प्लास्टिकचा धूर घरात नको. थर्माकोलला तापवलेलं काही लावू नका, साध्या सुरीचं टोक फिरवलं तरी भोक पडतं. पत्र्याच्या डब्याला खिळा नेहमी आतून बाहेर ठोका. बाहेरून ठोकला तर भोकाभोवती आत कड उभी राहते आणि तेवढं पाणी तिच्यामागे तुंबतं.

मग डबा उचलून ठेवायचा. आमच्याकडे चिऱ्याचे तुकडे कुठेही पडलेले असतात. बादलीखाली तीन तुकडे, चार बोटं उंच. दोन ठेवले तर डुगडुगते, तीनवर घट्ट बसते. गच्चीवर ठेवणार असाल तर ध्यानात घ्या, पाणी प्यालेली २० लिटरची बादली पंचवीस-तीस किलोची होते. गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतींवर, कठड्याच्या कडेने ओळीने लावा.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायचा सल्ला सगळेच देतात. मी पहिली दोन वर्षं घातले, आता घालत नाही. त्याने निचरा वाढत नाही. मातीच्या खालच्या थरात पाणी धरलेलं तसंच राहतं, उलट तेवढी माती कमी होते. भोकावर नारळाच्या सोडणाचा एकेक तुकडा पालथा घातला की माती अडते आणि पाणी जातं.

तपासून बघायची माझी पद्धत सोपी आहे. डबा भरला की रोप लावायच्या आधी वरून तांब्याभर पाणी एकदम ओतायचं आणि आकडे मोजायचे. शंभर म्हणेपर्यंत वरचं पाणी जिरून खालून धार लागली तर डबा पावसाला तयार. नसेल, तर माती काढून पुन्हा भरायची. कंटाळा येतो, पण जुलैमध्ये भर पावसात भरलेली बादली उपडी करायला लागण्यापेक्षा हे परवडलं.

आणि डबे पागोळ्यांखाली ठेवू नका. पत्र्यावरून पडणारी धार मातीत खळगा पाडते आणि रोपाची मुळं उघडी पडतात. घराच्या कडेला ठेवायचे तर भिंतीला चिकटून, नाहीतर पागोळीच्या हातभर पुढे.

तांदळाच्या गोणीची पिशवी

हे माझ्या आवडीचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२५ किलो तांदळाची विणीव प्लास्टिकची गोणी घ्यायची, साधारण अठरा इंच रुंद आणि तीस इंच लांब. अशीच माती भरली तर ती उशीसारखी गोल होते आणि उभी राहत नाही. म्हणून तिला तळ द्यायचा. गोणी उलटी करा. खालचा एक कोपरा चिमटीत धरून असा ओढा की तळाची शिवण बाजूच्या घडीवर बरोबर येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. ब्लाउजच्या कापडाची पिशवी शिवताना आपण कोपरे मोडतो, तसंच. त्रिकोणाच्या टोकापासून चार इंचांवर खडूने आडवी रेघ मारा. ती रेघ आठ इंच भरेल. त्या रेघेवर दोनदा शिवण. दुसऱ्या कोपऱ्यालाही तेच. गोणी सुलटी केली की दहा बाय आठ इंचांचा चौकोनी तळ मिळतो आणि पिशवी डब्यासारखी उभी राहते. मशीनला १८ नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा लावा, टाका मोठा ठेवा. बारीक टाक्याने गोणी तिथेच फाटते. मशीन नसेल तर दाभणाने आणि जाळं विणायच्या दोऱ्याने हातशिलाई केली तरी चालतं, थोडा जास्त वेळ जातो एवढंच.

वरचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूने खाली मुडपायचा. उंची फूटभर राहते, भिंत दुहेरी होते, आणि पंधराएक लिटर माती बसते. विणीतून पाणी झिरपतं, तरी तळाला दाभणाने दहा-बारा भोकं पाडा, कारण लाल माती वीण बुजवते. एका वर्षात ऊन खाऊन गोणीचे धागे सुटायला लागतात. सुटलेले धागे मातीत मिसळायच्या आत पिशवी बदलायची. हळद आणि आलं या पिशवीत फार सुरेख येतं. काढताना खणायला लागत नाही, शिवण उसवली की सगळे गड्डे समोर.

माती

नुसती लाल माती डब्यात भरू नका. पावसात तिचा काला होतो आणि उन्हात वीट. शिवाय जांभ्याची माती आंबट असते, चुना कमी. माझं माप असं: दोन घमेली चाळलेली लाल माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं सोडणाचा चुरा, अर्धं घमेलं भाताचं तूस, दोन मुठी चुलीतली राख आणि दोन मुठी शिंपल्यांचा चुरा. एवढ्यात २० लिटरच्या दोन बादल्या भरतात.

तूस गिरणीवर मिळतं, माती मोकळी ठेवायला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. सोडण कोयत्याने बारीक करून दोन दिवस भिजवायचं आणि तीनदा पाणी बदलायचं. पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघतं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. किनाऱ्याजवळच्या माडाच्या सोडणात मीठ असतं, खाडीत कुजवलेल्या काथ्यात तर असतंच, म्हणून हे धुणं चुकवू नका. शिंपल्या म्हणजे आपण तिसऱ्या खाऊन टाकतो त्या. धुऊन, उन्हात कडक वाळवून, पोत्यात घालून वरून हातोडीने फोडायच्या. त्यांचा गुण सावकाश येतो, वर्ष-दीड वर्ष पुरतो, आणि टोमॅटोचं बूड काळं पडायचं कमी होतं. अंड्याची टरफलंही चालतात.

शेणखत विकत घ्यायचं तर हातात घेऊन बघा. सुटं, काळं आणि बिनवासाचं हवं. एका वर्षी मला मिळालेलं खत आतून गरम होतं, ते न बघता भरलं आणि आठवड्यात भेंडीची रोपं करपली. तेव्हापासून घरीच करते. परसातला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, गोणीत भरायचा, मधे मधे गिरीपुष्पाचा ओला पाला आणि शेणकाला. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही. गिरीपुष्पामुळे त्यालाही वेग येतो. दिवाळीला भरलेली गोणी शिमग्यापर्यंत खाली बसून अर्धी होते.

कधी काय

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, वेलांचं बी दुधाच्या पिशव्यांत: शिराळी, पडवळ, कारली, काकडी. रात्रभर भिजवून. कारल्याच्या बियांचं कवच जाड, त्याची टोकाची कड नेलकटरने किंचित कापली की लवकर रुजतं. दापोलीला आपलं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यांनी काढलेली शिराळीची कोकण हरिता आणि कारल्याची कोकण तारा ही बियाणी आपल्या हवेतली आहेत. मिळाली तर तीच घ्या. चार पानांची रोपं झाली आणि पहिला जोराचा पाऊस ओसरला की बादलीत. भेंडी सरळ डब्यातच टोका, तिला मूळ हललेलं आवडत नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली भेंडी हातात येते.

मिरची, वांगी, टोमॅटो यांची घाई भर पावसात करू नका. ऑगस्टमध्ये पडवीत रोपं करायची आणि नवरात्र उलटलं की डब्यात लावायची. मुळा, लाल माठ, चवळी, नवलकोल, वाल हे दसऱ्या-दिवाळीनंतरचं. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, मळ्यात जेव्हा पेरणी होते, तेव्हाच आपल्या पेट्यांतही करायची.

लाल माठाला एक अपवाद आहे, तो ऋषीपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगराविना, माणसाच्या हाताने वाढलेली भाजी शिजते. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एकत्र. डब्यातल्या भाजीला तर बैलाची सावलीही लागलेली नसते. मला त्या भाजीत घरचा माठ हवाच असतो, म्हणून श्रावणाच्या सुरुवातीला मी दोन थर्माकोलच्या पेट्या पडवीच्या कडेला, उजेड मिळेल पण पाऊस अंगावर पडणार नाही अशा ठेवते. बी मोहरीहून बारीक. चारपट राखेत मिसळून भुरभुरायचं, म्हणजे दाट पडत नाही आणि मुंग्याही नेत नाहीत. वर चाळलेल्या मातीचा पातळ पदर, आणि पाणी झारीने. झारी नसेल तर बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटीवर तांबडी लव दिसते. महिन्याभरात वीतभर माठ होतो. मुळासकट न उपटता दोन बोटं ठेवून कापला तर पुन्हा फुटतो, दोन-तीनदा तरी.

हापूसच्या पेटीतला पेंढा इथे कामाला येतो. रोप बोटभर झालं की मातीवर पेंढ्याचा थर द्यायचा. पावसाच्या थेंबाने चिखल उडून पानावर बसला की बुरशी येते. पेंढ्यामुळे तो उडत नाही. उन्हाळ्यात हाच थर ओल धरतो.

वेल आणि जाळं

वेलांना चढायला आमच्याकडे जाळ्यांची कमी नाही. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, फाटकी टाकून देतात. पहिल्या वर्षी मी बारीक तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं आणून पडवीच्या खांबाला बांधलं. शिराळी झकास चढली. ऑगस्टमधल्या एका सकाळी जाळ्यात काहीतरी हलताना दिसलं म्हणून जवळ गेले, तर खालच्या बाजूला धामण अडकलेली. माझ्या दंडाएवढी जाड. पुढे जायची धडपड केली तसतसा तंगूस तिच्या खवल्यांत आणखी रुतला होता, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. दापोलीहून सर्पमित्र येईपर्यंत मी तिच्यावर ओलं गोणपाट धरून बसले. त्याने माझीच शिवणाची छोटी कात्री घेतली आणि अर्धा तास एकेक धागा कापला. सुटल्यावर ती कुंपणाकडे गेली, घाई न करता. उंदीर खाणारं जनावर, आपल्या भाजीचं राखणदार, ते आपल्या जाळ्यात मरायला आलं होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून हे मनापासून सांगते: तंगूसाचं जाळं वेलाला लावू नका. जाड दोरीचं, चार-सहा इंच आसाचं (म्हणजे तेवढ्या भोकांचं) जाळं घ्या, आणि जमिनीपासून दीड हात वर संपवा. खालच्या दीड हातात वेलाला सुतळीचा आधार पुरतो.

वेलाला फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही, ही तक्रार वरच्या मजल्यावरच्या लोकांची जास्त असते. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढं कोवळं फळ आधीच असतं, नराला नुसता देठ. मधमाश्या कमी असतील तर हे काम आपण करायचं. शिराळी आणि पडवळीची फुलं संध्याकाळी उघडतात, कारल्याची, काकडीची, लाल भोपळ्याची सकाळी लवकर. मी दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावला की तशीच अंगणात जाते. नर फुल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा भुगा मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवायचा. धरलेलं फळ दोन-तीन दिवसांत खाली वाकायला लागतं. न धरलेलं पिवळं पडून गळतं.

कारल्याला फळमाशी फार. फळ अंगठ्याएवढं झालं की कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा न घालता जुन्या ओढणीची बारीक कापडाची पिशवी शिवून घालते. जाळीच्या भोकातून माशी सहज शिरते. किडलेलं फळ मातीत टाकू नका, त्यातल्या अळ्या मातीतच कोषात जातात. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा.

खत, माशाचं पाणी आणि मीठ

मोठ्या पावसात डब्यातलं खत पाण्याबरोबर वाहून जातं. ऑगस्टमध्ये पानं फिकी पडतात ती बहुधा त्यामुळेच. एकदम जास्त घालून उपयोग नाही. दहा-बारा दिवसांनी, उघडीप बघून, एक भाग शेण आणि दहा भाग पाणी असं शेणपाणी प्रत्येक बादलीला तांब्याभर.

माशाचं धुतलेलं पाणी तर आमच्या कढीलिंबाला पिढ्यान्पिढ्या जातंय. मिरचीलाही ते फार मानवतं. पण एक पथ्य: मीठ लावायच्या आधीचं पाणी. मीठ चोळून धुतलेलं, किंवा सुकट-बोंबील भिजवलेलं पाणी झाडाला कधीही नको. पाणी घातल्यावर वर मूठभर माती किंवा राख टाका, नाहीतर मांजरं डबा उकरून ठेवतात.

मीठ हे आपलं दुसरं दुखणं. मार्चपासून वारा खारा होतो, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि मातीवर पांढरा पापुद्रा आला की समजायचं. माझा उपाय असा की पश्चिमेकडून झापांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करते, आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुते, आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक डब्याला खालून भरपूर वाहीपर्यंत गोडं पाणी देते, म्हणजे साठलेलं मीठ निघून जातं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोजचं. शिमगा झाला की बादलीच्या बाजूच्या भोकांत काथ्या कोंबते, पाणी जरा धरून राहतं. मेअखेर तो काढायचा, आठवणीने.

डब्याखाली पावसाळ्यात ताटली ठेवू नका. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून उडतो. उंदीर फिरत असतील तर डब्यांत हात घालताना हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर नक्कीच. आपल्या भागात लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप, दर पावसाळ्यात येतो.

गोगलगाई रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मावा आला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला. माकडांवर मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही. मिरचीला, हळदीला आणि आल्याला ती सहसा हात लावत नाहीत, म्हणून बाहेरच्या ओळीत तीच झाडं ठेवते. भेंडी आणि शिराळी घराला लागून, आणि कोवळी असतानाच काढते.

मेअखेरची कामं

वादळं आता मेमध्येही येतात. २०२१ साली तौक्ते १६-१७ मेच्या सुमाराला किनाऱ्याने गेलं. इशारा आला की कठड्यावरचे सगळे डबे आधी खाली, भिंतीच्या आडोशाला, एकमेकांना चिकटून. वेलाचं जाळं वरून सोडून जमिनीवर निजवायचं. शिडासारखं वारा धरून ते बादलीसकट उडतं. रिकाम्या बादल्या एकात एक घालून घरात.

जुनी माती टाकायची नाही. मेच्या उन्हात प्लास्टिकवर पसरायची, मुळं वेचायची, एक तृतीयांश नवं खत मिसळून पुन्हा भरायची. ज्या बादलीत वांगं होतं तिच्यात वांगं, मिरची, टोमॅटो यंदा नको. शिराळी किंवा चवळी लावा. भोकं काडीने मोकळी करा आणि तांब्याभर पाण्याची चाचणी प्रत्येक डब्याला पुन्हा घ्या.

आणि बी. प्रत्येक वेलावर एक फळ, मधल्या बहरातलं, सगळ्यात सरळ आणि लांब, त्याला सुतळी बांधून ठेवायचं. घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं, याला हात लावायचा नाही. शिराळी वेलावरच तपकिरी होते, हलवली की आत बिया वाजतात. टोकाचं झाकण मोडलं की काळ्या बिया ओंजळीत पडतात आणि आतला चोथा अंग घासायला होतो. बिया राखेत घोळून काचेच्या बरणीत. सासूबाई मात्र अजून पुरचुंडी करून चुलीवरच्या दांडीला, धुरात टांगतात. हर्णै-पाजपंढरीकडच्या कुणाला शिराळीचं बी हवं असेल तर मेमध्ये घरी या, येताना दुधाची रिकामी पिशवी घेऊन या. रोपच देईन.